दिवा विझतो, पण एअरबॅग आहे का?

सांगलीतल्या आमच्या गॅरेजवर जुनी गाडी घेण्याआधी दाखवायला बरेच जण येतात. त्या दिवशी एक बाई आल्या, सोबत गाडी विकणारा दलाल. त्यांची मुलगी नोकरीसाठी रोज कोल्हापूरला ये-जा करणार होती. "दादा, इंजिन तेवढं नीट बघा," म्हणाल्या.

इंजिन ठणठणीत होतं. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागायचा आणि काही सेकंदांत विझायचा, अगदी जसा विझायला हवा तसा. बिघाड शोधणाऱ्या स्कॅनरवरही बिघाडाचा एकही कोड नाही.

खटकला तो पट्टा. ड्रायव्हरच्या सीटबेल्टच्या लेबलवरची तारीख गाडीच्या तारखेहून बरीच नंतरची होती, म्हणजे पट्टा बदललेला. मग डॅशबोर्डवरून हात फिरवला. डावीकडे, एअरबॅगच्या जागी, तो गुळगुळीत लागला. बाकी सगळा खरखरीत.

दलालाला विचारून स्टीअरिंगचं कव्हर काढायला घेतलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि थांबलो. इथे घाई करायची नाही. एअरबॅग चालवणाऱ्या मोड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, काही वेळ वीज उरते आणि एअरबॅग फुटायला तेवढी पुरते.

कव्हर निघालं. आत एअरबॅग नव्हतीच. पिवळ्या कनेक्टरच्या तोंडाशी एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा छोटा तुकडा, डाखलेला, वर काळी टेप.

गाडी सुरू होताना मोड्यूल एअरबॅगच्या सर्किटमधून अगदी थोडा करंट सोडून रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजतो. तो साधारण दोन-तीन ओहम असतो. तेवढ्याच ओहमचा, काही रुपयांचा रेझिस्टर लावला की मोड्यूलला वाटतं, एअरबॅग जागेवर आहे. आधीच्या धडकेत दोन्ही एअरबॅग फुटल्या असणार, आणि कुणीतरी नव्यांचा खर्च वाचवला.

मला भयंकर राग आला, आजही येतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. ही गाडी त्यानंतरची. जोराच्या धडकेत एअरबॅग तीस-चाळीस मिलिसेकंदांत फुगते. त्या मुलीपुढे मात्र नुसतं प्लॅस्टिकचं झाकण असतं.

दलाल म्हणाला, "हे रिपोर्टात कशाला लिहिता?" मी लिहिलं, फोटोही जोडले. बाईंनी व्यवहार तिथेच मोडला. दोन्ही एअरबॅग, पट्टे आणि मोड्यूल बदलल्याशिवाय गाडी विकू नये, असं दलालालाही लेखी दिलं आणि त्याची सही घेतली.