बाराचा ठोका

बँकेत पासबुक भरून घ्यायला रांगेत उभा होतो, तेवढ्यात बाराच्या ठोक्याला खिशातला मोबाइल वाजला. दुपारच्या प्रार्थनेची आठवण राहावी म्हणून मी त्यात चर्चच्या घंटेचा आवाज लावून ठेवलाय. पुढच्या आजोबांनी मागे न बघताच छातीला हात लावून मान लववली. त्यांना कुठलं देऊळ आठवलं, कोण जाणे.

त्यांचं फार चुकलंही नव्हतं म्हणा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या आणि देवळांत टांगल्या. वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि सन आहे १७०७. घंटेला काय, कुणी ओढली की वाजायचं.

आमच्या वाडीत बाराची घंटा झाली की आजी हातातलं काम टाकायची. तीन ठोके, थांबून पुन्हा तीन, पुन्हा तीन. केळीच्या बुंध्याशी माती ओढत असायची. लुगडं लाल, पण त्याला हात पुसणं नाही. चिखलाचे हात तसेच जोडून मारियेला दूताने दिलेला निरोप पुटपुटायची. पूर्वी रहाटाचा बैलसुद्धा त्या घंटेला थांबायचा म्हणे. बैल कॅथलिक होता यावर आम्हा पोरांचा पक्का विश्वास होता. जरा मोठे झाल्यावर कळलं, हाकणाराच थांबायचा.

आजीचं दिवसातून तीनदा. फादर आणि सिस्टर मंडळींचे प्रार्थनेचे प्रहर त्याहून जास्त. ‘दिवसातून सात वेळा मी तुझं स्तवन करतो’ असं बायबलमधल्या ११९व्या स्तोत्रात आहे, त्याचाच आधार घेऊन सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठाचं वेळापत्रक बांधलं. वर तो टोमणाही मारतो: आपले पूर्वज दीडशेच्या दीडशे स्तोत्रं एका दिवसात म्हणायचे, आपण कोमट माणसं निदान आठवड्यात तरी संपवू या. या प्रहरांच्या प्रार्थनेच्या १९७१च्या सुधारित ग्रंथात त्या एका आठवड्याचे चार झाले. आणि मी त्यातली सकाळची, संध्याकाळची आणि झोपतानाची तेवढी धरून बसलोय. दुपारची बहुतेक वेळा रांगेतच जाते.

त्या सुधारणेवर माझा एक राग आहे. ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं त्यातून पार गाळली. का, ते कळतं. शत्रूचे तोंडातले दात पाड म्हणून देवाला सांगणं चारचौघांत बरं दिसत नाही. पण वरच्या मजल्यावरचा शेजारी रात्री अकराला भिंतीत ड्रिल घालतो तेव्हा मी काय म्हणायचं? क्षमा करायची, मान्य. पण आधी कुठेतरी बोलून टाकायला नको?

८८वं मात्र ठेवलंय, तेही दर शुक्रवारी झोपण्याआधी. पहिल्यापासून शेवटपर्यंत काळोख, शेवटच्या ओळीतही काळोखच. आपला पगार झालेला असो, पोरीचं लग्न ठरलेलं असो, शुक्रवार आला की ते म्हणायचंच. आज ते तुमचं नसेल तर ज्याचं आहे त्याच्या वतीने म्हणा, असं एका फादरांनी सांगितलं होतं. पटतं. तरी पगाराच्या दिवशी जीभ अडखळते. आणि ज्या शुक्रवारी आजीला मातीत ठेवून घरी आलो, त्या रात्री ते इतकं सहज आलं की माझीच मला धास्ती वाटली.

संध्याकाळची प्रार्थना मी विरार फास्टमध्ये म्हणतो, उभ्याने, एका हाताने कडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. शेवटाकडे मारियेचं गीत येतं, त्यात देवाने अधिपतींना आसनांवरून खाली ओढलं अशी ओळ आहे. नेमकं तेव्हाच डोळे स्क्रीनवरून खिडकीपाशी बसलेल्याकडे जातात. देवाला ते दिसत असणारच. परवा भाईंदरला एक अधिपती उठला. दोनच स्टेशनं उरली होती, तरी बसून घेतलं.