कासवांपुढचा लाल झगा

इस्तंबूलच्या पेरा म्युझियममध्ये मी गेले ती एकाच चित्रासाठी. उस्मान हमदी बेचं 'कासवांचा शिक्षक', १९०६ सालचं. छापील पुस्तकात ते वहीएवढं पाहिलेलं. इथे सव्वादोन मीटर उंच! लाल पायघोळ झगा घातलेला दाढीवाला म्हातारा किंचित वाकून उभा आहे. मागे बांधलेल्या हातांत नेय नावाची बासरी, पाठीवर नक्कारे. म्हणजे आपला नगाराच, पण छोटा. शब्दही एकाच अरबी मुळातून आलेला. पायाशी पाच कासवं, पाला खाणारी.

मी बराच वेळ कपड्यांकडेच बघत राहिले. १९०६ साली इस्तंबूलमधला सरकारी माणूस असा दिसत नव्हता. अठराव्या शतकात उस्मानी (ऑटोमन) सुलतानाच्या भेटीला आलेल्या युरोपी राजदूताला आपल्या कोटावरून खिलत, म्हणजे मानाचा झगा, चढवावी लागे (पेशवाईच्या कागदांत भेटते तीच खिलत). मग वारं फिरलं. १८२९ मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने फर्मान काढून अधिकाऱ्यांच्या पगड्या उतरवल्या आणि त्यांना फेझ टोपी आणि युरोपी धाटणीचा कोट दिला. हमदी बे त्याच वेशात वाढला. पॅरिसला चित्रकला शिकला, पुढे शाही संग्रहालयाचा संचालक झाला.

आणि चित्रातला म्हातारा तोच आहे. जुने कपडे अंगावर चढवायचे, स्वतःचे फोटो काढून घ्यायचे, त्यांवरून रंगवायचं, ही त्याची नेहमीची रीत. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी साम्राज्यातल्या प्रांतोप्रांतीच्या पोशाखांचा सचित्र ग्रंथ तयार करणाऱ्या दोघांपैकी तो एक. कुठला कपडा कुणाचा, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मागची भिंत बुर्सा शहरातल्या हिरव्या मशिदीतली. कासवांची कल्पना मात्र तुर्की नाही. १८६९ च्या एका फ्रेंच प्रवास-नियतकालिकात जपानी चित्रावरून केलेलं कासववाल्याचं चित्र छापलं होतं, तिथली ती. जपान, पॅरिस, बुर्सा, आणि या सगळ्यांवर एक तुर्की झगा.

मला फ्रेंच चित्रकार जेरोमचं 'गारुडी' हे चित्र आठवलं. तिथेही निळ्या टाइल्सची भिंत आहे. पण तिच्यापुढे नागडा पोरगा साप अंगावर घेऊन उभा, आणि बघे भिंतीला टेकून बसलेले. ते चित्र मला कधीच सहन झालेलं नाही. हमदी बेच्या भिंतीचाही गिलावा पडलाय, टाइल्स उखडल्यात, तरी माणसाचं अंग पूर्ण झाकलेलं आहे आणि तो विचारात आहे. कासवं म्हणजे ढिम्म सरकारी कारभार, असा अर्थ बरेच जण लावतात. लावोत. मला मात्र माळ्यावरच्या ट्रंकेतला आजोबांचा डोक्याला बांधायचा रुमाल दिसत राहिला, आणि भावाच्या लग्नात भाड्याने बांधून घेतलेले फेटे.

दुसऱ्या दिवशी इस्तंबूलच्याच सुलतानअहमद भागात जुन्या वेशात फोटो काढून देणाऱ्या एका दुकानापाशी थांबले. आत एक तुर्की आजोबा लाल झग्यात उभे होते. फोटोवाल्याने पगडी डोक्यावर ठेवली, तशी त्यांनी ती काढून घेतली, दोन्ही हातांनी नीट फिरवली आणि स्वतःच घातली.