जॅकी चॅन नसलेला जॅकी चॅनचा सिनेमा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मारामारीच्या सिनेमांचं माझं वेड ज्यांना ठाऊक आहे, ते हमखास विचारतात, 'जॅकी चॅनचा एकच सिनेमा बघायचा तर कुठला?' माझं उत्तर ठरलेलं: १९८८ चा 'पेंटेड फेसेस'. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स लॉ. यात जॅकी स्वतः नाही, त्याचं लहानपण आहे.

साठच्या दशकातलं हाँगकाँग. यू जिम-युएन नावाचे गुरुजी पेकिंग ऑपेराची, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती असलेल्या पारंपरिक चिनी संगीत नाटकाची, निवासी शाळा चालवायचे. आईबाप पोराला वर्षानुवर्षांच्या करारावर तिथे सोपवून जायचे. जॅकीचे वडील ऑस्ट्रेलियात स्वयंपाक्याची नोकरी करायला गेले, मागोमाग आईही गेली. पोरगा वाढला तो शाळेत. गाणं, अभिनय, कोलांट्या, हातांवर उलटं उभं राहणं आणि चुकलं की छडी. पुढे मारामारीच्या सिनेमांत गाजलेले सामो हंग आणि युएन बियाओही तिथलेच.

त्या गुरुजींची भूमिका सामो हंगनंच केली आहे. ज्यांचा मार खाल्ला त्यांचाच वेष घ्यायचा, तोही वयाच्या छत्तिशीत! त्यानं गुरुजींना ना राक्षस केलंय, ना देव. पोरांना घडवणारा आणि फोडून काढणारा माणूस एकच आहे, हे तो अंगावर वागवतो. हाँगकाँगचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्याला याच कामासाठी मिळाला. तरीही आपल्याकडे या सिनेमाचं नाव फारसं कुणी घेत नाही, कारण लोक हाणामारी शोधत येतात आणि ती इथे जवळपास नाही.

लाम चिंग-यिंग यात गुरुजींचा जुना सोबती आहे. ऑपेराला प्रेक्षक उरले नाहीत म्हणून सिनेमात पडण्या-आपटण्याची कामं करणारा. एका चित्रीकरणात त्याचं भान सुटतं आणि तो स्टुडिओच्या छताजवळ उंचावर जाऊन बसतो. एक अख्खी कला पोटासाठी स्टंटच्या धंद्यात कशी विरघळली, ते या प्रसंगात कळतं. मला तो दर वेळी हलवून टाकतो.

सिनेमानं शाळेची धग बरीच कमी केली आहे. खरी शाळा याहून कठोर होती, असं जॅकी आणि सामो दोघांनीही सांगितलंय. तेवढं मनात ठेवून बघा. नंतर लगेच १९८३ चा 'प्रोजेक्ट ए' लावा. त्यात जॅकी, सामो आणि युएन बियाओ तिघेही आहेत, आणि जॅकी घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छपरं फाडत खाली येतो.