मे महिन्यातला नाताळ

नाताळच्या गाण्यांचा अल्बम डिसेंबरात लोकांच्या हाती पडायचा असेल, तर त्याचे ध्वनिमुद्रण उन्हाळ्यातच उरकावे लागते, कारण मिक्सिंग आणि वितरणात पुढचे महिने सरतात आणि आमच्या खान्देशात पाऊस सुरू झाला की गाणारी मंडळी शेतीच्या कामांत अडकतात. म्हणूनच जळगावातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत हा हंगाम ऐन मे महिन्यात, पारा ४४ अंशांच्या पुढे गेलेला असताना येतो. याचे कुणाला हसू आले, तर मी सांगतो की हिमाची आठवण काढणारे ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणेसुद्धा अमेरिकी गायक बिंग क्रॉस्बी यांनी २९ मे १९४२ रोजीच ध्वनिमुद्रित केले होते.

अशाच एका दिवशी नवापूरकडची एक मंडळी सुरत–भुसावळ मार्गावरच्या गाडीने आली होती. गाणारे, ढोलकवाला, बासरीवाला, सोबत केवळ ऐकायला आलेली दोन तरुण मुले आणि एक आजी. वाद्यमेळ बसवणारा तरुण धुळ्याचा होता आणि त्याने कीबोर्डवर सगळे ट्रॅक आधीच तयार करून आणले होते.

पहिली अडचण बासरीची निघाली. टेक चालू असताना पंखा आणि एसी बंद ठेवावे लागतात, नाहीतर कंडेन्सर माईक त्यांची घरघर टिपतो. पण तसे केले की खोली झपाट्याने तापते आणि तापलेल्या हवेत बासरीचा सूर चढतो. एका अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), म्हणजे आठ अंशांत जवळजवळ पाव अर्धस्वर. कीबोर्ड मात्र जागच्या जागी राहतो, त्यामुळे सकाळी जुळलेली जोडी दुपारी कानाला खुपू लागली. शेवटी बासरी वेगळ्या ट्रॅकवर, खोलीचे तापमान स्थिरावल्यानंतर घ्यायचे ठरले. बासरीवाल्याने ते निमूटपणे मान्य केले. घामाने बोटे छिद्रांवरून घसरत होती, तरी त्याची कुरकुर नव्हती.

खरा पेच वेगळाच होता. वाद्यमेळकाराने मुख्य गाण्याची लय मिनिटाला ११८ ठोके धरली होती आणि सुरुवातीला घुंगरांसह लांबलचक म्युझिक पीस घातला होता. पहिला टेक ऐकून आजी म्हणाल्या, “भाऊ, गाणं चांगलं आहे, पण या लयीवर पाय पडत नाही.” त्यांच्या गावांत नाताळच्या आधीच्या रात्री मंडळी ढोलक आणि मंजिऱ्या घेऊन घरोघर गात फिरतात, गाणे चालता चालता म्हटले जाते, आणि अंधारात बांधावरून चालताना इतके धावता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर वाद्यमेळकार नम्रपणे म्हणाला, “आजी, तुमचं खरं आहे, पण गाणं सावकाश सुरू झालं की ऐकणारा पुढचं लावतो.” सोबतची दोन्ही मुले त्याच्याच बाजूची होती. एकाच्या मोबाइलमध्ये मराठी, हिंदी आणि गुजराती नाताळगीतांचा मोठा साठा होता. स्पीकर लावून नाचता येणार नाही, ते गाणे नाताळचे कसले, असा त्याचा सवाल होता, आणि तोही काही खोटा नव्हता.

माझे मत आजींकडे झुकले. इतर अल्बमचा श्रोता ऐकून तृप्त होतो, नाताळच्या अल्बमचा श्रोता मात्र आठवड्याभरात ते गाणे स्वतः म्हणू लागतो आणि आवडले तर दरवर्षी म्हणतो. ‘सायलेंट नाइट’ १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये प्रथम गायले गेले ते गिटारच्या साथीवर. ते टिकले, कारण कुणालाही, कुठेही गाता येत होते. (क्रॉस्बी यांच्या गाण्याच्या मूळ मास्टरमधून, म्हणजे पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या साच्यातून, इतक्या प्रती काढल्या गेल्या, की तो झिजला आणि १९४७ मध्ये गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले, लोकप्रियता अशीही महाग पडते.)

ऊन उतरल्यावर सगळ्यांना अंगणात नेले आणि रोजच्या चालीने फेऱ्या मारत गायला सांगितले. मी मोबाइलवर त्यांच्या पावलांचे ठोके मोजत होतो. लय ९२ च्या आसपास भरली. वाद्यमेळकाराने काही न बोलता लॅपटॉप उघडून क्लिक, म्हणजे लय धरणारा ठोका, बदलला आणि सुरुवातीचा तुकडा दोन आवर्तनांवर आणला. घुंगरे त्याने हट्टाने ठेवली, फक्त ध्रुवपदाला. मुलांचेही मन राखायचे म्हणून त्याच गाण्याची ११८ ची आवृत्ती अल्बमच्या शेवटी घालायचे ठरले.

रात्री उशिरा कोरस पूर्ण झाला. निघताना आजींनी गाण्याची पट्टी कव्हरवर छापायला सांगितली. गावातली पेटी जुनी आहे, वाजवणाऱ्याला आधीच कळले तर तो ऐन वेळी सूर शोधत बसणार नाही. पट्टी काळी एक आहे. कव्हरवर ती अल्बमच्या नावाखालीच छापली आहे.