नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डरसाठी थेरपिस्ट शोधताना

पत्नी वेगळी राहू लागल्यानंतर चार महिन्यांनी मी पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा झोप लागत नाही आणि कामात मन लागत नाही, एवढीच माझी तक्रार होती. नैराश्यावरची औषधे सुरू झाली, झोप परत आली, आणि त्यानंतरच्या एका भेटीत डॉक्टरांनी अतिशय जपून सांगितले की या नैराश्याच्या मुळाशी व्यक्तिमत्त्वाचा भाग असावा. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे स्वतःच्या मोठेपणाची भावना, कौतुकाची सततची भूक आणि दुसऱ्याच्या भावनांची अपुरी जाण असलेला व्यक्तिमत्त्व विकार; हे शब्द त्यांनी एकदाच उच्चारले. त्या रात्री मी पहाटेपर्यंत वाचत बसलो, आणि वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक लेखात, ज्याच्यापासून दूर पळावे असा जो माणूस वर्णिला होता, तो मीच होतो.

ते लेखन अनावश्यक आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. माझ्यासारख्या माणसाच्या सहवासात ज्यांची होरपळ झाली त्यांना त्याचा आधार वाटतो, आणि माझी पत्नी त्यांच्यातलीच एक आहे. परंतु ज्याला हा विकार आहे आणि ज्याला त्यावर उपचार घ्यायचे आहेत, त्याच्यासाठी फारच थोडे लिहिलेले सापडते. ‘नार्सिसिस्ट’ हा शब्द आता शिवीसारखा वापरला जातो, त्यामुळे तो स्वतःच्या तोंडाने उच्चारून एखाद्या अनोळखी थेरपिस्टला फोन करणे किती जड जाते, हे मी अनुभवले आहे. आठवडाभर मी नंबर लावत होतो आणि पलीकडून उचलला जाण्याआधीच फोन ठेवत होतो.

पहिले तीन थेरपिस्ट मीच सोडले, आणि प्रत्येक वेळी माझ्यापाशी सबळ वाटणारे कारण तयार होते. पहिले माझे फार कौतुक करीत. माझी बुद्धी, माझी भाषा, माझे आत्मपरीक्षण यांविषयी ते जे बोलत ते ऐकायला मी आनंदाने जात असे, आणि सहा महिन्यांनी माझ्यात काहीही बदललेले नाही हे लक्षात आल्यावर त्यांच्याविषयीचा माझा सगळा आदर एका दिवसात संपला. दुसऱ्या बाईंनी तिसऱ्याच सत्रात मला माझ्या वागण्याचा आरसा दाखवला. त्यांचे म्हणणे खरे होते, पण मी पुन्हा गेलो नाही. तिसऱ्यांना माझ्याइतके वाचन नाही असे मी ठरवून टाकले. आज मागे वळून पाहताना दिसते ते असे की ज्या सवयीवर उपचार हवे होते तीच सवय माझ्या वतीने थेरपिस्ट निवडत होती: आधी माणसाला डोक्यावर घ्यायचे आणि मग एखाद्या बारीकशा चुकीवरून त्याला मोडीत काढायचे.

निदानाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण शोध घेताना त्याचा उपयोग होतो. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत हा विकार 1980 साली समाविष्ट झाला, आणि तिथे आजही नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावीत असा निकष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात मात्र हे स्वतंत्र नाव नाही. तिथे व्यक्तिमत्त्व विकार किती तीव्र आहे ते आधी पाहतात आणि मग ठळक गुणविशेष नोंदवतात. म्हणून ‘तुम्ही यावर उपचार करता का’ असे थेट विचारण्यापेक्षा ‘व्यक्तिमत्त्व विकार असलेल्यांबरोबर दीर्घकाळ काम केले आहे का’ असे विचारल्यावर मला अधिक स्पष्ट उत्तरे मिळाली. या विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेले एकही औषध नाही. औषधे सोबतच्या नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी देतात. मुख्य उपचार म्हणजे बोलणे, आणि तेही वर्षानुवर्षे.

हे बोलणे कसे असावे यावर हाइन्झ कोहूट आणि ऑटो कर्नबर्ग या दोन मनोविश्लेषकांचा 1970 च्या दशकापासून मूलभूत मतभेद होता. कोहूट यांच्या मते कौतुकाची ही भूक लहानपणी अपुऱ्या राहिलेल्या गरजेतून येते आणि थेरपिस्टने ती आधी समजून घ्यावी. कर्नबर्ग यांच्या मते मोठेपणाच्या या कवचाखाली राग आणि मत्सर दडलेले असतात आणि ते थेरपिस्टसमोरच उघड व्हायला हवेत. कर्नबर्ग यांच्या विचारातून विकसित झालेली ट्रान्सफरन्स-फोकस्ड सायकोथेरपी (थेरपिस्टबरोबरच्या नात्यात जे घडते त्यावर काम करणारी), तसेच स्कीमा थेरपी (लहानपणापासून रुजलेल्या समजुतींवर काम करणारी) आणि मेंटलायझेशनवर, म्हणजे स्वतःच्या व दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखण्यावर आधारित उपचार, ही नावे मला शोधताना वारंवार भेटली. यांपैकी बहुतेकींचा अभ्यास प्रामुख्याने बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारावर (भावना आणि नाती फार अस्थिर असणारा वेगळा विकार) झालेला आहे, तेव्हा कोणी हमखास गुणाची भाषा केली तर मी सावध होतो. माझ्यापुरते सांगायचे तर पद्धतीच्या नावापेक्षा एका प्रश्नाच्या उत्तरावरून माझा निर्णय झाला.

चौथ्या थेरपिस्टला मी फोनवर विचारले, ‘मला मध्येच सोडून जावेसे वाटले तर तुम्ही काय कराल?’ त्या म्हणाल्या, ‘वाटेलच. म्हणून आपण ते आधीच ठरवून ठेवू.’ पहिल्या भेटीत आम्ही साध्या कागदावर लिहिले की थेरपी थांबवायची असेल तर मी मेसेज करून थांबवणार नाही. आणखी दोन सत्रांना येईन आणि का जातो आहे ते समोर बसून सांगेन.

त्याच भेटीत त्यांनी माझ्या माहितीचा फॉर्म पुढे ठेवला. ‘जगू नये असे विचार येतात का’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’वर खूण केली होती, जशी आधीच्या तिन्ही ठिकाणी केली होती. पेनाची ती खूण इतरांपेक्षा ठळक आणि कागदात रुतलेली होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवले आणि काहीच विचारले नाही. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, ‘येतात.’ हे इतक्या उघडपणे लिहितो आहे ते एवढ्यासाठीच, की हा विकार असलेला माणूस बाहेरून कितीही ताठ दिसला तरी अपयशानंतरची त्याची लाज जीवघेणी असू शकते, आणि तो ती सर्वांत आधी थेरपिस्टपासूनच लपवतो. ज्यांच्या मनात आज असे विचार आहेत त्यांनी योग्य थेरपिस्ट मिळेपर्यंत थांबू नये. जवळच्या कोणाला तरी किंवा कोणत्याही डॉक्टरांना ते आजच सांगावे.

या थेरपीला आता चौदा महिने झाले. पाचव्या महिन्यात मी माझ्या कामाला मिळालेल्या पुरस्काराविषयी सांगत असताना त्यांची नजर घड्याळाकडे गेली, आणि मला इतका संताप आला की घसा कोरडा पडला. त्यांनी विचारले, ‘आत्ता काय झाले?’ मी म्हणालो, काही नाही. रात्री मेसेज लिहून तयार केला: सुसंस्कृत, सभ्य आणि शेवटचा. मग तो कागद आठवला. पुढच्या सत्राला गेलो आणि तो मेसेज त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘मी घड्याळाकडे पाहिले हे खरे आहे. तुम्हाला ते लागले असणार.’ त्यांनी माफी मागितली नाही आणि स्वतःचा बचावही केला नाही. माझ्या आयुष्यात अशा प्रसंगानंतर नाते टिकलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला रडू आले.

पत्नी परत आलेली नाही आणि तिने यावे अशी अट मी या उपचारांना घातलेली नाही. गेल्या महिन्यात मुलाच्या शाळेच्या कामासाठी तिचा फोन आला होता. ती बोलत असताना मी मध्ये बोललो नाही, आणि फोन ठेवल्यावर ती काय म्हणाली ते मला आठवत होते.