रिमोट डेस्कटॉपचं लॉगिन स्लो, माझा अनुभव (दोष फायरवॉल रूल्सचा निघाला)

भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीचा सर्व्हर मी बघतो. विंडोज सर्व्हर २०१६, त्यावर रिमोट डेस्कटॉप (लांबून नेटवरून सर्व्हरवर काम करायची सोय), टॅली आणि एक्सेल, काही जण भोसरीतूनच लॉगिन करतात, काही चाकणच्या प्लांटमधून आणि अकाउंट्सच्या एक-दोन ताई घरून. पासवर्ड टाकला की "प्लीज वेट", मग काळी स्क्रीन, आणि ती जायला दोन-तीन मिनिटं, सकाळी सगळे एकदम आले की त्याहून जास्त. २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं असताना ताई नुसत्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसायच्या, मला खरंच वाईट वाटायचं.

पण एकदा आत गेलं की टॅली एकदम मस्त चालायचं. म्हणजे नेट आणि डिस्कवर संशय घ्यायचं कारण नव्हतं, तरी जो तो म्हणायचा रॅम वाढवा, मालक तर नवीन सर्व्हरचं कोटेशन मागवायच्या तयारीत होते. मी म्हटलं साहेब थांबा, आधी वेळ जातोय कुठे ते बघू.

पहिला संशय ग्रुप पॉलिसीवर (कंपनीच्या सगळ्या यूजर्सना एकाच जागेवरून लावलेली सेटिंग्ज), कारण बहुतेक वेळा तीच असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ग्रुप पॉलिसीचा ऑपरेशनल लॉग असतो, त्यात ८००१ नंबरचा इव्हेंट बघा, त्या यूजरची लॉगिनची पॉलिसी किती सेकंदात संपली ते सरळ लिहिलेलं असतं. इथे अगदी थोडे सेकंद. एक प्रिंटर "रिप्लेस" वर होता म्हणजे दर लॉगिनला काढून परत लावला जायचा, तो "अपडेट" वर केला, थोडासा फरक पडला, काळी स्क्रीन तशीच. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) तपासला, सर्व्हर डोमेन कंट्रोलरलाच (कंपनीचे सगळे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) विचारत होता, बाहेरचा डीएनएस कुठे टाकलेला नव्हता. मग एक लोकल यूजर बनवून त्याने लॉगिन केलं, त्याला ना डोमेनची पॉलिसी ना प्रोफाइल डिस्क (यूजरची सेटिंग्ज आणि फाइल्स वेगळ्या ठेवणारी डिस्क फाइल, लॉगिनला जोडली जाते), आणि तोही तितकाच स्लो! इथे खरी दिशा मिळाली, दोष यूजरकडे नाही, मशीनमध्येच आहे.

मग एकाला लॉगिन करायला सांगून मी रिसोर्स मॉनिटर उघडून बसलो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १२-१३ टक्के म्हणजे सगळं शांत वाटतं, पण मशीन ८ कोअरचं आहे, एक कोअर पूर्ण भरला तरी एकूण तेवढंच दिसतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आणि तो कोअर खात होती फायरवॉलची सर्व्हिस, म्हणजे नेटवर्कवरून काय जाऊ-येऊ द्यायचं ते रूल्स बघून ठरवणारी. फायरवॉलची विंडो उघडायला गेलो तर तीच कितीतरी वेळ उघडेना, उघडली तेव्हा इनबाउंडमध्ये (आत येणाऱ्या कनेक्शनचे रूल्स) "कोर्टाना", "युअर अकाउंट", "वर्क ऑर स्कूल अकाउंट" हीच नावं खाली खाली खाली, संपतच नाहीत.

कारण असं की यूजर पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याच्या नावाने स्टोअर ॲप्सचे रूल्स बनवतं. आमच्याकडे यूजर प्रोफाइल डिस्क आहे, लॉगऑफ झालं की लोकल प्रोफाइल जातं, त्यामुळे प्रत्येक लॉगिन विंडोजसाठी पहिलंच, नवीन रूल्स बनतात आणि जुने कोणी काढत नाही. वर्षानुवर्षं साचले, आणि प्रत्येक लॉगिनला फायरवॉलला तो सगळा ढीग उपसावा लागतो. रिस्टार्टने काही होत नाही कारण हे सगळं रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठतात तिथे) बसलेलं असतं.

उपाय रजिस्ट्रीतच आहे. शेअर्डॲक्सेस सर्व्हिसच्या पॅरामीटर्सखाली फायरवॉलपॉलिसी की आहे, तिथे "डिलीटयूजरॲपकंटेनर्सऑनलॉगऑफ" नावाची डीवर्ड (आकड्याची) व्हॅल्यू (रजिस्ट्रीत इंग्रजीत, स्पेस न देता) बनवून १ ठेवायची. २०१६ वर नोव्हेंबर २०१८ नंतरचे आणि २०१९ वर एप्रिल २०१९ नंतरचे अपडेट असतील तरच ती चालते. पण याने फक्त नवीन साचणं थांबतं, जुने आपणच काढायचे. त्याआधी फायरवॉलची पॉलिसी एक्स्पोर्ट करून ठेवा, हे अजिबात टाळू नका, आणि ज्या रूल्सना ओनर म्हणून यूजरचा एसआयडी (विंडोजमधला यूजरचा ओळख क्रमांक) लागलेला आहे तेवढेच पॉवरशेलने (विंडोजमध्ये कमांड चालवायचं टूल) काढा, टॅलीच्या पोर्टसाठी आपण हाताने केलेल्या रूल्सना ओनर नसतो, ते राहतात. भरपूर वेळ लागतो, मी रविवारी लावून ठेवलं.

सोमवारी चाकणवरून फोन आला, "दादा, आज लगेच उघडलं." कोटेशनचा विषय तिथेच संपला. तुमच्याकडे प्रोफाइल डिस्क असेल तर आजच फायरवॉलची इनबाउंड लिस्ट एकदा उघडून बघा.