फळ्यावरचे सात थर पुसले तेव्हा

अप्रेंटिसच्या पहिल्या तुकडीला नेटवर्किंग मी ओएसआय मॉडेलपासून, म्हणजे नेटवर्कचं काम सात थरांत मांडणाऱ्या आराखड्यापासून, शिकवायला घेतलं. फळ्यावर सात थर, प्रत्येकाचं नाव, काम आणि एकेक उदाहरण. मुलांनी मन लावून उतरवून घेतलं. आठवड्याने विचारलं तर सगळ्यांना सातही थर वरून खाली आणि खालून वर पाठ होते. मग मी एका पीसीची केबल मागून अर्धवट बाहेर ओढून ठेवली आणि म्हटलं, "याला नेट येत नाहीये, बघा." कोणी ब्राउझर रिफ्रेश केला, कोणी मशीन रीस्टार्ट केलं, एकाने तर नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर काढून परत टाकला. पोर्टवरचा दिवा विझलाय, हे बारा जणांपैकी एकाच्याही नजरेला आलं नाही.

दोष मुलांचा नव्हता. ज्या क्रमाने काम करताना अडचण समोर येते, त्या क्रमाने मी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या तुकडीला पहिले तीन दिवस फळा कोरा ठेवला आणि प्रत्येकाच्या हातात नेटवर्क केबलच्या टोकाला लागणारा आरजे-४५ कनेक्टर, तो दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल आणि केबलचा तुकडा दिला.

त्यातल्या एका मुलाची केबल मला कायमची उपयोगी पडली. त्याने आठ तारा अगदी नीटनेटक्या लावल्या होत्या: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, एकापुढे एक. दोन्ही टोकांना हाच क्रम. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले. तो खुशीत म्हणाला, "मॅडम, पास!" मी ती केबल त्याच्याच मशीनला लावली आणि एक मोठी फाइल कॉपी करायला सांगितली. कॉपी रडतखडत चालली, मध्येच अडकली. स्विचच्या (सगळ्या मशीनना जोडणाऱ्या पेटीच्या) त्या पोर्टवरचा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडून पोहोचलेल्या डेटाचा, आकडा दर वेळी पाहावा तर वाढलेला.

आता सगळे टेबलाभोवती जमले. तारांना पीळ का असतो, हे सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. एका जोडीतल्या एका तारेवरून सिग्नल सुलटा जातो, दुसरीवरून तोच उलटा. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, आणि घेणारं टोक दोघींमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून गोंगाट वजा होतो. पण हे जमायला त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या हव्यात. कनेक्टरवर तीन आणि सहा क्रमांक मिळून एक जोडी धरलेली असते. त्याच्या केबलमध्ये तीनवर हिरव्या जोडीतली पांढरी-हिरवी होती आणि सहावर निळ्या जोडीतली निळी. जोडी फुटलेली. साधा टेस्टर एवढंच सांगतो की तार इकडून तिकडे पोहोचली. ती कोणाशी पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही. निळीची जोडी चार-पाचवर आणि हिरवीची तीन-सहावर का, हा प्रश्न त्यानंतर कोणालाही पाठांतराचा वाटला नाही.

सबनेटिंगवर, म्हणजे नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटण्यावर, मी मुद्दाम कमी वेळ दिला. पत्त्याचे ३२ बिट म्हणजे काय, आणि /२६ च्या गटात (पहिले २६ बिट ठरलेले) ६४ पत्ते येतात पण यंत्रांना ६२ च का देता येतात, एवढं हाताने सोडवून घेतलं. पंधरा-पंधरा गणितं घालण्यापेक्षा पत्ता पाहून हे मशीन कुठे अडलंय हे ओळखता येणं मला जास्त मोलाचं वाटतं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तरच आलेलं नाही आणि मशीनने स्वतःच पत्ता घेतलाय, हे त्यांनी दुसऱ्या आठवड्यात बोलून दाखवायला सुरुवात केली.

रोज सकाळी मुलं यायच्या आधी मी लॅबमध्ये एक गोष्ट बिघडवून ठेवायचे. त्यांनी कागदावर तीन रकाने भरायचे: काय दिसलं, काय तपासलं, काय वगळलं. तिसरा रकाना सगळ्यांना जड जायचा. शंका असलेल्या चार कारणांपैकी तीन कशाच्या आधारावर खोडली, हे लिहायला लागलं की अंदाजाने केलेलं काम लगेच उघडं पडतं.

एका सकाळी मी घरगुती वायफाय राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट लॅबच्या स्विचला जोडून ठेवला. काही मशीनना नेहमीसारखे १९२.१६८.१० चे पत्ते, काहींना १९२.१६८.० चे. अर्धी लॅब चालू, अर्धी बंद. दीड तास लागला, पण त्यांनी शोधलं. मशीन "मला पत्ता द्या" अशी हाक सगळ्यांना ऐकू जाईल अशी मारतं आणि बहुतेक वेळा आधी जे उत्तर येईल ते घेतं. उत्तर देणारा कोण, हे ते विचारत नाही. मग मी विचारलं, "हाच राउटर कोणी मुद्दाम लावला, आणि गेटवे म्हणून, म्हणजे बाहेर जायचं दार म्हणून, स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता दिला तर?" वर्ग शांत झाला. त्याच तासात आम्ही स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे विश्वासाच्या नसलेल्या पोर्टवरून आलेली अशी उत्तरं अडवणारी सोय, चालू केलं, खऱ्या सर्व्हरकडचा पोर्ट तेवढा विश्वासाचा ठरवला आणि आगंतुक राउटरची उत्तरं स्विचवरच गळताना पाहिली.

सुरक्षा हा शेवटच्या आठवड्याचा वेगळा विषय ठेवायचा नाही, हे माझं तिथेच ठरलं. अभ्यासक्रमाच्या छापील क्रमात ती शेवटी होती, आणि शेवटचं प्रकरण नेहमी घाईत उरकलं जातं. शिवाय नेटवर्क जिथे चुकून मोडतं, तिथेच ते मुद्दाम मोडता येतं. मग दोन्ही वेगवेगळं का शिकवायचं?

एआरपी, म्हणजे एखादा पत्ता कोणत्या यंत्राकडे आहे हे विचारण्याची पद्धत, शिकवताना तर मला काही सांगावंच लागलं नाही. वायरशार्क या सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्कवरून जाणारी पॅकेट (डेटाचे तुकडे) पकडली की त्यातली ओळ जवळजवळ बोलल्यासारखी वाचता येते: १९२.१६८.१०.१ कोणाकडे आहे? १९२.१६८.१०.२३ ला सांगा. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, आणि भलत्यानेच 'मी आहे' म्हटलं तर?" हा प्रोटोकॉल १९८२ चा. तेव्हाच्या नेटवर्कांवर एकमेकांना ओळखणारी मोजकी यंत्रं असायची, उत्तर पडताळण्याची सोय त्यात ठेवलेलीच नाही. इतका नेमका प्रश्न पुस्तक न उघडता आला, याचा मला खूप आनंद झाला.

टेलनेट म्हणजे दूरच्या यंत्रात लॉगिन करण्याची जुनी पद्धत, त्यात सगळं उघडं जातं. त्या दिवशी मी त्यांना लॅबच्या स्विचवर लॉगिन करायला लावलं आणि त्यांचीच पॅकेट त्यांना उघडून दाखवली. प्रत्येक अक्षर वेगळ्या पॅकेटमध्ये गेलेलं. पूर्ण संवाद जोडून पाहिला तर युजरनेममधलं प्रत्येक अक्षर दोनदा दिसत होतं, कारण स्विच ते परत पाठवून पडद्यावर दाखवतो. पासवर्डची अक्षरं मात्र एकेकदाच. पडद्यावर काहीच उमटलं नव्हतं म्हणून पासवर्ड लपलाय असं ज्यांना वाटत होतं, त्यांना तो तिथे सरळ वाचता येत होता. तेच काम मजकूर गुप्त ठेवून करणारं एसएसएच कुठून आलं, हे मी तेव्हा सांगितलं: १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार झाला आणि तिथल्या तातू यलोनेन यांनी ते लिहिलं. आणि २०१६ च्या मिराईबद्दलही सांगितलं. त्या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते टेलनेटवर, कारखान्यातूनच आलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या वापरून. त्या दिवशी लॅबमधल्या प्रत्येक यंत्राचा मूळ पासवर्ड बदलूनच मुलं बाहेर पडली.

याच तुकडीत माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगायला हवी. एआरपीचं खोटं उत्तर कसं देतात, हे मी लॅबमध्ये करून दाखवलं होतं. परवानगीबद्दल तोंडी बोलले होते, तेवढंच. एका मुलाने संध्याकाळी इमारतीच्या सामायिक नेटवर्कवर तेच करून पाहिलं. त्याने आपल्या लॅपटॉपवर आलेली पॅकेट पुढे पाठवण्याची सोय चालू केली नव्हती, त्यामुळे सगळ्यांचं नेट त्याच्यापाशी येऊन थांबलं. वीस मिनिटं तो मजला बंद. त्याने स्वतः येऊन कबूल केलं, आवाज कापत होता. मी त्याला काढून टाकलं नाही. ज्यांचं काम अडलं त्यांच्यापुढे उभं राहून काय केलं ते त्याने समजावलं, मी शेजारी उभी होते. दुसऱ्या दिवशी लॅबची बाहेरची जोडणी काढली. आता हल्ल्याचा कुठलाही सराव सुरू होण्याआधी एक कागद भरावा लागतो: कोणतं यंत्र, कोणाचं, किती वेळ, परवानगी कोणी दिली. सही झाल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. हा कागद मी पहिल्या दिवशीच द्यायला हवा होता.

शेवटच्या प्रात्यक्षिकात दोघादोघांच्या जोडीला एक रॅक आणि चार बिघाड दिले. ज्याने तो मजला बंद पाडला होता, त्याचा कागद मी जपून ठेवलाय. तिसऱ्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: "केबल वगळली. पोर्टचा दिवा पाहिला, सीआरसीचा आकडा पाच मिनिटं स्थिर होता, दोन्ही टोकांच्या जोड्या डोळ्यांनी पाहिल्या. स्विचमध्ये शिरण्याआधी मॅडमना विचारलं."